चेंडू माझा होता

सहीचा कागद मंगळवारपासून फ्रिजवर, मक्याच्या कणसाच्या आकाराच्या लोहचुंबकाखाली अडकवलेला होता. टिलीने तो मुद्दाम माझ्या डोळ्यांच्या उंचीवर लावला होता. दूध काढायला गेलं तरी दिसायचा, दूध ठेवायला गेलं तरी दिसायचा. ‘माझ्या मुलीला बेसबॉलमध्ये कॅचर म्हणून खेळायला माझी परवानगी आहे.’ खाली नुसती रेघ. शनिवारी सकाळी नऊच्या आत तो कोच डेलोरेसच्या हातात पडला, तर टिली फलंदाजाच्या पायाशी असते त्या प्लेटच्या मागे, चेंडू झेलायला बसणार होती. नाहीतर नेहमीसारखी लांब गवतात उभी राहून फुलपाखरं मोजणार.

मैदानावरच्या बाकीच्या आठ जागांना सही लागत नाही. फक्त कॅचरला लागते. यातच काय ते आलं, असं मी टिलीला म्हटलं.

“यात काहीच आलं नाही,” टिली म्हणाली. “मास्क असतो, छातीला गादी असते, पायाला पत्रे असतात. गवतात उभं राहिलं तर डोक्यावर काहीच नसतं. तेच जास्त धोक्याचं आहे.”

साडेआठ वर्षांची आहे. वकील होईल असं वाटतं.

कर्ट, माझा नवरा, नदीवर होता. मालाचे बार्ज ओढणाऱ्या बोटीवर तो अठ्ठावीस दिवस असतो आणि मग अठ्ठावीस दिवस घरी. फोनवर म्हणाला, “तुझे वडील, तुझी मुलगी. मी मधे पडत नाही.” शहाणा माणूस आहे. लांबून फार शहाणा असतो.

मला भीती वाटते, हे मी लपवत नाही. मुलांच्या डोक्याला बसणाऱ्या मारांवर जे जे छापून आलंय ते मी वाचलंय. टिली झोपाळ्यावर बसली की मी साखळीची कडी बघते. पण या कागदाला नाही म्हणायचं खरं कारण डोक्याचा मार नव्हतं. ते माझ्या वडिलांच्या नावात होतं, आणि ते मला टिलीला सांगता येत नव्हतं.

माझे वडील ऑरिन कॅल्ब. आम्ही सगळे त्यांना पॉप म्हणतो. पॉप चौदा वर्षं पगारी कॅचर होता. त्यातली साडेतेरा वर्षं तरी छोट्या गावांच्या संघांत, बसच्या मागच्या सीटवर झोपून, सॉसेज आणि थंड बटाटे खाऊन गेली. मोठ्या लीगमध्ये तो होता तेवीस दिवस. तिथे त्याने दोन वेळा चेंडू टोलवला. दोन्हीही वेळा मी जन्मले नव्हते. शेवटची सहा वर्षं तो आमच्याच गावच्या संघात होता, टोलिव्हर लँडिंग बार्जमेन. त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वाकून भलतीकडेच बघतं आणि डावा अंगठा वाकतच नाही. गुडघ्यांमुळे तो तळघरात उतरताना जिना उलटा, शिडीसारखा उतरतो. कपाचा कान त्याला धरता येत नाही म्हणून तो कॉफी पिताना दोन्ही हातांनी कप उचलतो, लहान मुलासारखा.

आणि एवढं सगळं करून गावाच्या लक्षात काय राहिलं? एक चेंडू.

पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या छोट्या लीगचा अंतिम सामना आमच्या मैदानावर झाला. शेवटचा डाव होता, दोन्ही संघ बरोबरीत, समोरच्यांचा एक गडी तिसऱ्या बेसवर, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर, टपून बसलेला. आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, एमेट टीग याने चेंडू टाकला, तो पॉपच्या मिटच्या, म्हणजे कॅचरच्या जाड ग्लोव्हच्या, वरच्या कडेला लागून थेट मागच्या जाळीपर्यंत गेला. तिसऱ्या बेसवरचा गडी आरामात प्लेटवर, म्हणजे खेळाच्या भाषेत घरी, आला. त्या एका धावेने आम्ही हरलो. गुण लिहिणाऱ्या माणसाला अशा वेळी ठरवावं लागतं की चूक टाकणाऱ्याची की घेणाऱ्याची. त्याने घेणाऱ्याची लिहिली. नंतर पेपरवाल्यांनी पॉपला विचारलं, तेव्हा तो एकच वाक्य बोलला. “चेंडू माझा होता.”

तेव्हापासून मर्नाच्या हॉटेलात कुणाच्या हातून बशी पडली, की कोपऱ्यातून कुणीतरी ओरडतं, “कॅल्ब!” सगळे हसतात. पॉप तिथे अंडी खात बसलेला असला तर तो हात वर करतो, हजेरी दिल्यासारखा, आणि पुन्हा खायला लागतो. शाळेत माझ्या हातून खडू पडला तरी, “कॅल्ब!” आज ज्यांना तो सामना आठवतही नाही, ती पोरंसुद्धा म्हणतात. लग्नात नवऱ्याचं आडनाव घेताना मला जो हलकेपणा वाटला होता, त्याची मला आजही थोडी लाज वाटते.

आता टिलीला तिथेच बसवायचं? जिथून फक्त सुटलेला चेंडू लोकांना दिसतो?

त्या सामन्याची माझी स्वतःची आठवण अगदी वेगळी आहे. मी सहा वर्षांची होते आणि सामन्याच्या दिवशी मला काम असायचं. कॅचर पिचरला बोटांनी खूण करतो. मांड्यांच्या मधे, सावलीत, समोरच्या फलंदाजाला दिसणार नाही अशी. एक बोट म्हणजे वेगवान चेंडू, दोन म्हणजे खाली वळणारा. साठ फुटांवरून पिचरला ती बोटं दिसायला हवीत, म्हणून कॅचर नखं रंगवतात. पॉप चार वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर उजवा हात पसरून बसायचा आणि मी चारही नखांना पांढरा रंग लावायचे. लावून झाला की फुंकर घालायचे. “कसा आहे?” मी विचारायचे. “झकास,” तो म्हणायचा आणि हात हवेत धरूनच गाडीकडे जायचा. दार मी उघडून द्यायचे.

अंतिम सामन्याच्या दिवशी पांढऱ्या बाटलीतला रंग वाळून खडखडीत झाला होता. मी आईची मोतिया गुलाबी बाटली आणली. पॉपने नखांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “झकास,” म्हणाला. इतकी सुंदर नखं मी त्याआधी कधीच रंगवली नव्हती. त्या दिवसातलं एवढंच मी जपून ठेवलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी बार्जमेनने त्या जुन्या संघाला मैदानावर बोलावलं. पंचवीस वर्षं झाली म्हणून. अकराजण आले. पोटं सुटलेली, टोप्या घट्ट झालेल्या. एमेट टीग टेनेसीहून आला होता. त्या संघातून मोठ्या लीगमध्ये जाऊन टिकलेला तो एकटाच. अकरा वर्षं टिकला. जाड भिंगाचा चष्मा आणि उंच, वाकलेला, एखाद्या पाणपक्ष्यासारखा. मैदानावर एकेकाचं नाव पुकारत होते तेव्हा तो पाठदुखीमुळे कुंपणाशी माझ्या शेजारीच बसला होता.

“तुझी पोरगी कुठाय?” त्याने विचारलं.

“ती बघा, पॉपच्या मागे. खेळाडूंच्या रांगेत घुसलीय.”

“कुठे खेळते?”

“बाहेर, गवतात,” मी म्हटलं. “कॅचर व्हायचं म्हणतेय. मी काही सही केलेली नाही.”

तेवढ्यात माइकवरचा माणूस म्हणाला, “आणि आता ऑरिन कॅल्ब! मित्रहो, तो चेंडू अजून सापडलेला नाही म्हणे!”

सगळं मैदान हसलं. पॉपने हात वर केला. टिलीने वर त्याच्या हाताकडे बघितलं, मग लोकांकडे. ती हसली नाही. लोक कशाला हसतायत ते ती शोधत होती. मी तेच बघत होते.

“बस्स झालं आता,” एमेट टीग माझ्या शेजारी पुटपुटला. “पंचवीस वर्षं म्हणजे फार झालं.”

“काय झालं, मिस्टर टीग?”

“पोरी, तो चेंडू त्याचा नव्हता. माझा होता.” त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला. “त्याने दोन बोटं दाखवली. मला एक दिसलं. तो खाली वळणाऱ्या चेंडूसाठी गुडघ्यांवर गेला आणि मी ताशी त्र्याण्णव मैलांनी त्याच्या कपाळावर फेकला. त्याने मिटची कड तरी चेंडूपर्यंत पोचवली हेच नवल. दुसरा कुणी असता तर चेंडू दातांत घेतला असता.”

“तुम्हाला दिसलं नाही?”

“मला तेव्हा काय दिसत होतं! डोळे गेले होते माझे. पण सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतं मला. बावीस वर्षांचा होतो. ऑरिनला माहीत होतं. बाकी कुणाला नाही.”

सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत तो पॉपसमोर रडत उभा राहिला होता, असं त्याने सांगितलं. मोठ्या संघासाठी खेळाडू हेरणारा माणूस दाराबाहेर वही घेऊन थांबलेला. पॉप पायाचे पत्रे सोडत होता. तो म्हणाला होता, “सोमवारी डोळे तपासून घे. चष्मा लाव. तोवर तोंड बंद. आणि बाहेर गेलास की ताठ चाल, माझ्यासारखा वाकून नको.” पुढच्या एप्रिलमध्ये एमेट मोठ्या लीगमध्ये चष्मा लावून उभा होता.

“मग तुम्ही सांगितलं का नाही? नंतर तरी? आता तो माइक तिथेच आहे!” माझा आवाज चढला असावा, कारण पुढच्या रांगेतली बाई वळली.

“दरवर्षी विचारतो त्याला. दरवर्षी नाताळला फोन करतो. म्हणतो, माझ्या चेंडूला हात लावलास तर याद राख.” तो हसला, मग हसू आवरलं. “खरं तर बाकीच्या दिवशी मला दिसायचं. पांढरी नखं असायची ना त्याची. पण त्या दिवशी काहीतरी गुलाबीसर लावून आला होता, मोत्यासारखं. ऊन उतरल्यावर कातडीत मिसळून गेलं. मी तिसऱ्या डावातच म्हटलं, पुसून टाक ते, पांढरा लाव. तर म्हणतो, नाही पुसणार, पोरीने लावलंय. तू नीट बघ.”

त्याने चष्मा परत नाकावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की ती पोरगी कोण. “अरे देवा,” तो म्हणाला. “मला वाटलं तुला माहीत असेल.”

रात्री टिली गाडीतच झोपली. मी तिला उचलून आत आणलं, तिच्या बुटांतली मैदानाची लाल माती काढली, आणि फ्रिजकडे न बघता दिवा घालवला.

शनिवारी सहा वाजताच मी फ्रिजवरचा कागद खिशात घातला, टिलीला शेजारणीकडे झोपवलं आणि पॉपच्या गॅरेजमध्ये गेले. तो गावातल्या पोरांचे ग्लोव्ह शिवतो. चामड्याच्या वाद्या ओवायला त्याला जाड सुई लागते आणि मधूनमधून दात. त्या वेळी त्याच्या मांडीवर छोटं, नवंकोरं कॅचरचं मिट होतं. मला बघून त्याने ते फडक्याखाली सरकवलं.

“लपवू नकोस, दिसलं,” मी म्हटलं.

“मी तिला काही बोललेलो नाही. सही तुझी आहे. नाही म्हणालीस तर हे मी मर्नाला देईन, गरम तवा धरायला.”

“एमेटने सगळं सांगितलं मला.”

पॉपने वादी ओढली. “त्या माणसाचं तोंड म्हणजे गळकी बादली. फेकसुद्धा तशीच होती, कुठेही जायची.”

“पॉप, माझ्यामुळे हरलात तुम्ही सगळे?”

आता त्याने हातातलं काम खाली ठेवलं. “कुणामुळे?”

“तो गुलाबी रंग. तुला माहीत होतं. घरातून निघतानाच माहीत होतं.”

“हो. वाटलं होतं थोडंसं.”

“मग पुसला का नाहीस! आईकडे होतं की पुसायचं औषध. दोन मिनिटांचं काम!”

“सहा वर्षांची पोरगी जीभ बाहेर काढून चार नखं रंगवते, एक थेंब बाहेर जाऊ देत नाही. ते पुसायचं?” त्याने वाकडं बोट माझ्या दिशेने केलं, म्हणजे साधारण दाराच्या दिशेने. “ऐक. रंग तू लावलास, पण नखं कुणाची होती? माझी. एमेटला दिसत नाही हे कुणाला ठाऊक होतं? मला. ऊन उतरतंय हे कुणी बघायचं? मैदानावर नऊजण असतात. आठजणांचं तोंड एकीकडे, एकट्या कॅचरचं दुसरीकडे. सगळं समोर दिसतं असा तो एकटाच. ज्याला दिसतं त्याचं असतं, विनी. मी वेळ मागून एमेटजवळ जाऊन कानात सांगू शकलो असतो. नाही गेलो. वाटलं, जमेल. नाही जमलं. म्हणून म्हटलं चेंडू माझा होता. लोकांना वाटतं मी कुणाला तरी झाकलं. अरे, मी खरं तेच बोललो!”

“पंचवीस वर्षं लोक हसतायत तुला.”

“हसू देत की. बशी पडली की त्यांना मी आठवतो. गावात किती बश्या पडतात, माहितेय?” तो खरोखरच खूश दिसत होता. “आणि त्या एमेटने मोठ्या लीगमध्ये एकशे चार सामने जिंकले. मी सगळे रेडिओवर ऐकले. प्रत्येक सामन्यात दोनदा तरी म्हणालो, गाढवा, आता वळणारा टाक. टाकायचा तो. चौदा वर्षांत माझ्या हाताखालची सहा पोरं मोठ्या लीगमध्ये गेली, विनी. सहा! एमेट त्यांतला चौथा. तेवीस दिवस मी होतो, आणि मग ही सहाजणं मिळून तिथे एकतीस वर्षं होती. मी मोजलीत.”

हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी ग्लोव्हच्या ढिगाऱ्याशेजारी बादलीवर बसले. चौदा वर्षं त्याने उकिडवं बसून दुसऱ्यांकडे बघण्यात घालवली होती. कुणाचा खांदा दुखतोय, कुणाला घरून पत्र आलं नाही, कुणाला दिसत नाही. आणि मी त्याला एका चेंडूत मोजत आले होते, मर्नाच्या हॉटेलातल्या माणसांसारखीच.

“तुला भीती वाटते ना?” त्याने विचारलं.

“सारखी.”

“तू जत्रेत पोरीला हरवू देत नाहीस. आपल्या रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याचं नाव तुला माहीत. कर्टच्या बोटीवरचं हवामान तुला त्याच्याआधी कळतं. बाई, तू कॅचरच आहेस. फक्त मास्क घातला नाहीस, म्हणून लागतं.”

मी सही गॅरेजमध्येच केली, चामड्याच्या तेलाच्या डब्यावर कागद ठेवून. खाली गोल डाग पडला. कोच डेलोरेस कागद उलटसुलट करून म्हणाली, “हे काय, डोनट ठेवला होतास?”

त्याआधी, आठ वाजता, टिली आमच्या टेबलाशी उजवा हात पसरून बसली होती. या वयाला खुणा दोनच असतात, पण नखं ती नखं. मी येताना दुकानातून पांढरी बाटली आणली होती. पॉप शेजारी उभा राहून देखरेख करत होता.

“गुलाबी नाही?” टिलीने विचारलं.

“गुलाबी सामना संपल्यावर,” पॉप म्हणाला.

मी जीभ बाहेर काढली होती, हे टिलीने सांगितलं तेव्हा कळलं.

मास्कच्या मागे ती दिसेनाशी झाली. त्या सामानात एवढीशी, उभं केलेलं कासव जणू. पहिला चेंडू तिच्या छातीच्या गादीवर धप्पकन बसला. मी उठले. पॉपने माझा स्वेटर धरून मला खाली बसवलं. टिलीने चेंडू उचलला, पुसला, फेकणाऱ्या मुलीकडे परत टाकला. नंतर जेव्हा जेव्हा चेंडू जमिनीवरून टोलवला गेला, तेव्हा तेव्हा ती सगळं सामान खडखडवत पहिल्या बेसच्या मागे धावत गेली. तिकडची फेक चुकलीच तर अडवायला कुणीतरी हवं म्हणून. एकदाही फेक चुकली नाही. सात वेळा ती उगाच धावली आणि उगाच परत आली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पॉप मात्र प्रत्येक वेळी मांडीवर बोट आपटून मोजत होता.

“तू शिकवलंस हे?” मी विचारलं.

“छे. तिला दिसलं.”

चौथ्या डावात तो चेंडू आला. फेकणारी मुलगी, ओपल नावाची, दमली होती. चेंडू प्लेटच्या आधीच मातीत आपटला, टिलीच्या मिटखालून निसटला आणि जाळीपर्यंत घरंगळत गेला. तिसऱ्या बेसवरची मुलगी धावून घरी आली. ओपलचा चेहरा चुरगळला. टिलीने मास्क वर केला, तुरुतुरु तिच्यापर्यंत गेली आणि काहीतरी बोलली. ऐकू आलं नाही. पण पांढऱ्या नखांचा हात तिने स्वतःच्या छातीवर ठेवला होता, तो मला इथून स्पष्ट दिसला. ओपलने नाक पुसलं आणि मान डोलावली.

आमच्या मागच्या बाकावरून, पंचवीस वर्षांच्या सवयीने, कुणीतरी ओरडलं, “कॅल्ब!”

लोक हसले, आणि मग पुढे कोण बसलंय हे बघून काही जण गप्प झाले. पॉपने नेहमीसारखा हात वर केला.

मीही केला. माझ्या अंगठ्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका राहिला होता, तो उन्हात चमकला. हात फार वेळ वर धरून ठेवता आला नाही, कारण टिली पुन्हा खाली बसली होती आणि पुढचा चेंडू यायचा होता.